जर्नल भरलं, डोकं रिकामं

पहिल्या चाचणीचे पेपर हातात पडलेत. स्वतःचे गुण बघून झाले, शेजाऱ्याचे डोकावून झाले. आता पेपर उलटे ठेवा आणि इकडे बघा. ‘सर, पेपर टफ होता’ हे आज कुणी म्हणायचं नाही. निम्म्याहून जास्त गुणांची गणितं मी याच फळ्यावर सोडवून दाखवली होती, आकडेसुद्धा बदलले नव्हते. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तुम्हाला पाठ आहे. अंगण सपाट आहे, मी स्वतः झाडलंय.

‘आम्हाला दहावीला नव्वदच्या वर होते’ हेही नको. कसे होते ते मला ठाऊक आहे. सहा विषयांतला सगळ्यांत कच्चा विषय बाजूला ठेवून उरलेल्या पाचांची टक्केवारी. विज्ञानाचे लेखी गुण ८०, तेही चाळीस-चाळीसचे दोन पेपर, आणि २० शाळेच्या हातातले. त्यावर कुणाला चित्रकलेच्या ग्रेडचे वाढीव, कुणाला खेळाचे. गुण तुमच्या कष्टाचेच आहेत, मी काही ते काढून घेत नाही. पण त्या टक्क्यांवर मिळाला तो प्रवेश. विषय अजून मिळवायचाय.

दुसरा प्रश्न काढा. चेंडू सरळ वर फेकला, तर सर्वांत उंच बिंदूवर त्याचं त्वरण किती? अर्ध्याहून अधिक वर्गाने लिहिलंय शून्य. एकाने तर खाली दोन रेघा मारून चौकटही केली आहे. अरे, शून्य होतो तो वेग! त्वरणही शून्य झालं असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता. लहानपणापासून चेंडू फेकत आलात, एकदा तरी वर राहिला का? वर जाताना, क्षणभर थांबताना आणि खाली येताना त्वरण तेच, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने. आणि हे काही अकरावीचं अवघड प्रकरण नव्हे. दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. त्याच पेपरात तुम्ही न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम स्वल्पविरामासकट बरोबर लिहिलाय. नियम पाठ आणि चेंडू हवेत!

तरी माझा राग त्या शून्यावर नाही. चुकीचं उत्तर दुरुस्त करायलाच मला पगार मिळतो. राग कशाचा आहे ते आता ऐका.

ही टेबलावर जर्नलांची चळत आहे. साध्या लंबकाचा प्रयोग. लंबकाची लांबी १०० सेंटिमीटर, वीस आंदोलनांना लागलेला वेळ ४०.१४ सेकंद. दुसऱ्या वेळी ४०.१४, तिसऱ्या वेळी ४०.१४. पुढच्या जर्नलात ४०.१४. त्याच्या पुढच्या जर्नलात ४०.१४. वा! प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंतच मोजतं. त्याचं लघुतम माप ०.१ सेकंद, हे तुम्हीच वरच्या ओळीत लिहिलंय. मग हा शतांशातला ४ कुठून आला? मी सांगतो. उत्तर ९.८ यायला हवं हे माहीत होतं. तिथून उलटे निघालात, सूत्रात घालून वेळ काढला आणि तक्त्यात भरून टाकला. लंबकाला हात कुणी लावला? पहिल्या बाकावरच्या दोघांनी. बाकीचे खिडकीत.

खरं मोजलं असतं तर कुणाला ४०.३ मिळाले असते, कुणाला ३९.९. ४०.३ घेतले तर गुरुत्वत्वरण ९.७२ निघतं. म्हणजे ९.८ पेक्षा एक टक्कासुद्धा कमी नाही. दोरा, गोळा आणि घड्याळ यांवर हे साधणं मानाची गोष्ट आहे! ते ९.७२ लिहायला लाज वाटली आणि चोरलेलं ९.८ लिहायला वाटली नाही? भौतिकशास्त्राच्या पुस्तकाचा पहिलाच धडा एकके आणि मापनाचा आहे. मापनात त्रुटी येणारच, ती किती आहे ते सांगायला शिका, हेच त्यात शिकवलंय. तो धडा तुम्ही पाठ केलात आणि पहिल्याच प्रयोगात मातीत घातलात.

माझं म्हणणं एवढंच आहे. न येणं हा दोष नाही, न आलेलं झाकणं हा आहे. जर्नल उतरवून झाकायचं, गाईडमधली उत्तरं घोकून झाकायचं, गणिताखाली शेवटी पुस्तकातलं उत्तर चिकटवून झाकायचं. ‘समजलं का?’ म्हटलं की सगळा वर्ग एका सुरात ‘हो सर’. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. त्या यादीत भौतिकशास्त्रही घाला.

आता शाखा निवडली कशी ते बघू. प्रवेशाच्या वेळी मी एकेकाला विचारलं होतं, विज्ञान का? ‘सर, सायन्स घेतलं की सगळे दरवाजे उघडे राहतात.’ म्हणजे कुठल्या दरवाजातून आत जायचंय ते ठरलेलं नाही. ‘मित्राने घेतलं.’ ‘बाबा म्हणाले.’ ‘इतके टक्के पडल्यावर आर्ट्सला कोण जातं?’ पुस्तक उघडून पाहिलं होतं का, याला एकाचंही हो नाही. बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर फुकट मिळतात. मोबाइल घेताना आठ दिवस रिव्ह्यू वाचता, आणि दोन वर्षांचा विषय घेताना अनुक्रमणिकाही बघवली नाही?

जीवशास्त्रवाल्यांनी जास्त हसू नये. ‘गणित टाकलं, सुटलो’ म्हणून पेढे वाटणारे तुम्हीच. नीटमध्ये १८० प्रश्न असतात. जीवशास्त्राचे ९०, पण भौतिकशास्त्राचे ४५ आणि रसायनशास्त्राचे ४५. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. भौतिकशास्त्रातला प्रक्षेप्य गणिताशिवाय हलत नाही, आणि रसायनशास्त्रात पीएच काढायला लॉगॅरिदम लागतो. गणिताचा पेपर टाकता येतो, गणित टाकता येत नाही. आणि बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगटेबल चालतं. ते या वर्गात किती जणांना उघडता येतं? मागच्या आठवड्यात एकाने अँटिलॉगच्या पानावर लॉग शोधला आणि अर्धा तास मलाच सांगत होता की पुस्तकात चूक आहे.

अवघड काय आहे तेही सांगतो, म्हणजे सर एकतर्फी बोलतात असं नको. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्याच धड्यात सदिश आणि विकलन येतं. गणितात विकलन दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटच्या प्रकरणात आहे. म्हणजे जे गणिताचे सर वर्षअखेरीस शिकवणार, ते मला जुलैत लागतं. ही अडचण खरी आहे, आणि ती तुमची चूक नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांना त्वरण, संवेग, जडत्व नीट येतं, पण इंग्रजी पुस्तकात त्याच गोष्टी अनोळखी वाटतात. हीही अडचण खरी. तिच्यावर उपाय आहे. शंभर पानी वही घ्या, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. दिवाळीपर्यंत ही तक्रार संपते. पण विकलनासाठी मधल्या सुट्टीत मी थांबतो म्हटलं होतं, तेव्हा आले किती? चार. त्यातला एक वर्गात पहिला आलेला, ज्याला गरजच नव्हती. अडचण खरी आणि उपायाला दांडी, मग तिचं भांडवल करायचं नाही.

‘आमचं हे क्लासमध्ये झालंय सर.’ हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. झालंय म्हणजे काय झालंय? क्लासच्या सरांनी गणित सोडवलं, तुम्ही उतरवून घेतलं. घरी व्हिडिओवर दुसऱ्या सरांनी सोडवलं, तुम्ही दीडपट वेगाने बघितलं. तीन सरांचा सराव झाला. तुमचा?

आणि ते ‘अकरावी म्हणजे आराम’ डोक्यातून काढा. बारावीच्या गुणपत्रिकेत अकरावीचे गुण येत नाहीत, एवढंच खरं. सीईटीत २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात. नीट आणि जेईईला तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बारावीच्या भौतिकशास्त्राचा पहिला धडा वर्तुळाकार आणि घूर्णन गतीचा. तो अकरावीच्या गतीच्या नियमांवर उभा आहे. नियम कच्चे राहिले तर बारावीच्या जूनमध्ये पहिल्याच तासाला तोंड वासून बसाल. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

जयंत नारळीकरांचं नाव तुम्ही सगळे घेता, निबंधातही टाकता. त्यांच्या लहानपणी बनारसच्या घरात फळा होता. त्यांचे मोरूमामा त्यावर छोट्या जयंतासाठी एखादं आव्हानाचं गणित लिहून ठेवत. जयंताने ते सोडवेपर्यंत किंवा हार कबूल करेपर्यंत ते फळ्यावर तसंच राहायचं. मामा शेजारी उभं राहून उत्तर सांगत नसत. तुमचं गणित फळ्यावर किती वेळ टिकतं? दोन मिनिटं. मग पुस्तकाचं मागचं पान, नाहीतर मोबाइल.

तेव्हा आता करायचं काय ते लिहून घ्या. पेनं काढा, मी दुसऱ्यांदा सांगणार नाही.

वर्गात सोडवलेलं गणित त्याच संध्याकाळी वही मिटून, कोऱ्या कागदावर पुन्हा करायचं. अडलात तर जिथे अडलात त्या ओळीवर खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी ती ओळ मला आणून दाखवायची. ‘सर, चॅप्टरच समजला नाही’ असं कुणी आलं तर मी हाकलून देईन. ‘सर, या ओळीवरून त्या ओळीवर कसं गेलो ते कळलं नाही’ म्हणून आलात तर बस चुकली तरी थांबेन.

प्रत्येक गणिताला आधी आकृती. ठोकळ्यावर कोणकोणती बलं आहेत, कुठल्या दिशेने, ते बाणाने दाखवायचं. आकृती न काढता सूत्र शोधायला निघालेला माणूस गाईडच्या पानावरच पोहोचतो. आकड्यापुढे एकक लिहायचं. एकक नसेल तर मी गुण देत नाही आणि बोर्डाचे परीक्षकही कापतात. चुकलेली गणितं वेगळ्या वहीत, खोडरबर न वापरता. चूक खोडलीत तर पुढच्या वेळी ती ओळखणार कशी?

प्रयोगात जे दिसलं तेच जर्नलात. ९.५ आलं तर ९.५, आणि खाली दोन ओळी, का आलं असावं. आंदोलनं मोजताना एक सुटलं असेल, वारा असेल, गोळ्याची त्रिज्या लांबीत धरायची राहिली असेल. बारावीला भौतिकशास्त्राचे ७० गुण लेखीचे आणि ३० प्रात्यक्षिकाचे. ते तीस आपोआप मिळतात असं सीनिअर मुलं सांगतात. माझ्या हातून नाही मिळणार.

पालकसभेला हेच सांगणार आहे, म्हणून घरी आधीच सांगून ठेवा. मारून मुटकून वैद्यबुवा होत नाही. क्लासची फी भरली की मुलगा डॉक्टर झाला, असं समजून आई-बाप मोकळे होतात, आणि पोरगं घरी खरं सांगायला घाबरतं. घाबरतं म्हणून झाकतं. चाचणीत दहा गुण पडले तर मोबाइल काढून घेण्याआधी कुठल्या ओळीवर अडलं ते विचारा. उत्तर तुम्हाला कळायला हवं असं नाही. विचारलं तरी पुरे.

आणि ज्यांना मनातून हे नकोच आहे, त्यांनी ऐका. वाणिज्य, कला यांत कमीपणा नाही. तिथेही घासावं लागतं, पण आवडीच्या गोष्टीत. पॉलिटेक्निकला दहावीनंतर जाता येतं आणि पदविका झाली की अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. अर्थात तिथेही पहिल्या वर्षी भौतिकशास्त्र आणि गणित तुमची वाट बघत असतात, तेव्हा माझ्यापासून पळायला म्हणून जाऊ नका. जायचं तर विचार करून जा, मी स्वतः प्राचार्यांकडे तुमच्याबरोबर येईन. लोक काय म्हणतील याची काळजी नको. लोकांना तुमची बारावीची गुणपत्रिका दोन मिनिटं लक्षात राहते, तुम्हाला ती जन्मभर बाळगायची असते.

जे राहणार आहेत, त्यांना माझ्याकडून एकच सवलत आहे: हवं तेवढं चुका. पस्तीसऐवजी पंधरा पडले तरी मी तुमच्यासाठी थांबेन, शिकवेन, पुन्हा शिकवेन. पण उतरवलेलं जर्नल, चिकटवलेलं उत्तर आणि खोटं ‘हो सर’ या वर्गात आजपासून बंद. ज्याला हे जमणार नाही, त्याने विज्ञान सोडावं, टक्के कितीही असोत.