जुना स्पंज

डोंबिवलीतल्या एका घरात दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी होती. तिच्यात तीन गोल्डफिश होते: डोक्यावर टोपीसारखा लाल उंचवटा असलेला ओरांडा, फुगीर डोळ्यांचा ब्लॅक मूर आणि दुहेरी शेपटीचा एक केशरी मासा. टाकी दोघा भावंडांची. दादा पाणी बदलायचा, धाकटी खायला घालायची. टाकीच्या कोपऱ्यात एक छोटा स्पंज फिल्टर होता. त्याला हवेच्या पंपाची नळी जोडलेली. बुडबुडे वर जायचे आणि त्यांच्या ओढीने पाणी स्पंजातून गाळून यायचं. स्पंजाचा मूळचा काळा रंग जाऊन तो मातकट झाला होता. हात लावला की गिळगिळीत लागायचा.

टाकीतलं पाणी मात्र कधी काचेसारखं नितळ नसायचं. गोल्डफिश हा मुळात खादाड मासा. त्याला जठर नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, त्यामुळे दिवसभर खाणं आणि दिवसभर घाण करणं चालूच. विष्ठेचे दोरे खड्यांवर पडलेले असायचे, काही तरंगायचे. घरी कुणी आलं की दादाला ते खटकायचं.

दिवाळीत मिळालेले पैसे साठवून तो क्रॉफर्ड मार्केटला गेला. तिथे नव्या फिल्टरांची खोकी रचून ठेवलेली होती. त्याने प्रत्येकावरचा आकडा वाचला आणि सगळ्यात मोठा आकडा असलेला मोटरचा फिल्टर उचलला: ताशी 1000 लिटर. खडे वगळले तर टाकीत पाणी जेमतेम 50 लिटर. म्हणजे टाकीतलं सगळं पाणी तासाला 20 वेळा फिल्टरमधून जाणार. इथे मला त्या मुलाची बाजू घ्यावीशी वाटते. त्याने आळस केला नव्हता, हिशेब केला होता. पण मोटर किती पाणी फेकते एवढंच खोक्यावर लिहिलेलं असतं, आणि माणूस जे लिहिलंय त्याचाच हिशेब करतो.

रविवारी त्याने टाकी रिकामी केली. खडे बादलीत घालून नळाखाली खळखळून धुतले, काचा घासल्या, ताजं पाणी भरलं, नवा फिल्टर लावला आणि जुना स्पंज कचऱ्याच्या डब्यात टाकला. आजी म्हणाली, "अरे, चालती वस्तू अशी टाकू नये." तिने तो डब्यातून काढला, दोनदा धुतला आणि गॅलरीत उन्हात वाळत घातला.

पाणी इतकं नितळ झालं की टाकीमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता यायला लागलं. शेजारचे मुद्दाम पाहायला आले. दादाने आल्यागेल्याला खोक्यावरचा आकडा वाचून दाखवला.

तिसऱ्या दिवशी धाकटीने खायला टाकलं तेव्हा केशरी मासा वर आला नाही. ओरांडा पाण्याच्या झोताने सारखा समोरच्या काचेकडे ढकलला जात होता. त्याचं शरीर गोल, शेपटी पदरासारखी लांब. सरळ अंगाच्या माशासारखं त्याला प्रवाहाविरुद्ध पोहता येत नाही. ब्लॅक मूर पृष्ठभागाशी तोंड आणून आ वासत होता, आणि त्याचे कल्ले भराभर उघडत-मिटत होते.

"दादा, मासे आजारी आहेत."

"पाणी बघ ना किती स्वच्छ आहे! नव्या पाण्याची सवय नाही त्यांना. होईल दोन दिवसांत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लॅक मूर मेलेला होता.

स्टेशनजवळ माशांचं एक जुनं दुकान आहे. धाकटीने टाकीतलं पाणी बाटलीत भरून घेतलं, आजीने वाळवलेला स्पंज पिशवीत टाकला आणि ती दादाला ओढतच तिकडे घेऊन गेली. दुकानदार काकांनी काचेच्या छोट्या नळीत पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले आणि नळी हलवून उजेडाकडे धरली. पाणी चांगलं असतं तर ते पिवळं राहिलं असतं. ते हिरवं होत गेलं, गडद हिरवं.

"अमोनिया," काका म्हणाले. "मासा कल्ल्यांतून तो सतत बाहेर टाकत असतो. खाली पडलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यातूनही तोच होतो. त्याला रंग नाही, त्यामुळे काचेतून बघणाऱ्याला पाणी स्वच्छच दिसतं. माशाला ते कल्ल्यांनी कळतं. कल्ले भाजल्यासारखे होतात."

"पण फिल्टर तर जोरात चालतोय," दादा म्हणाला आणि रविवारी काय काय केलं ते त्याने सांगितलं.

"मोटर चालतेय. फिल्टर अजून सुरूच झालेला नाही."

मग काकांनी त्याला दुकानातल्या एका टाकीपाशी नेलं. तिच्यात हातभर उंच जोडस्पंजाचा फिल्टर बुडबुडत होता. काकांनी तो काढून टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत एकदा दाबला. बादलीत चहासारखं पाणी सुटलं. "वास घे," ते म्हणाले. दादाने भीतभीतच नाक जवळ नेलं. त्याला वाटलं होतं घाण वास येईल. आला तो ओल्या मातीचा.

"ह्या छिद्राछिद्रांत जिवाणू राहतात. एका जातीचे अमोनियाचा नायट्राइट करतात. तोही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचा नायट्रेट करतात, आणि तो थोडा असला तर माशाला सोसतो. जिवाणूंची ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तू जो टाकलास त्या स्पंजात ती बसलेली होती, खड्यांवरही होती. स्पंज गेला, आणि खड्यांवरची वस्ती नळाच्या पाण्याखाली धुऊन निघाली. जी उरली असेल तीही त्या पाण्यातल्या क्लोरीनने बरीचशी मेली."

धाकटीने पिशवीतला स्पंज काढून दिला. काकांनी तो बोटांनी चुरगाळला. खडखडीत वाळला होता. "बाळा, हा आता नुसता स्पंज आहे," ते म्हणाले.

दादा काही बोलेना. काकांनी त्याला रागावण्यात वेळ घालवला नाही. ते म्हणाले, "फिल्टर घेताना पाणी किती जोरात फिरतं ते पाहायचं नाही. काम करणाऱ्यांना राहायला जागा किती आहे ते पाहायचं. आणि नवा लावला म्हणून जुना त्याच दिवशी काढायचा नाही. दोघांना महिनाभर शेजारी शेजारी चालू द्यायचं."

दोन फुटांच्या टाकीत गोल्डफिश ठेवायचे तर काय घ्यावं, हेही त्यांनी सांगितलं. मोठ्या जोडस्पंजाचा फिल्टर आणि त्याला पुरेल असा हवेचा पंप. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायचा, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं खाली येतं आणि पंपात शिरतं. वर जागा नसेल तर नळीत उलटं पाणी अडवणारा छोटा वाल्व बसवायचा. दादाचा फिल्टरही टाकायची गरज नव्हती. त्याचा झोत कमी करून तोंड मागच्या काचेकडे वळवलं की तो तरंगती घाण ओढून घेईल आणि ओरांड्याला धक्काही बसणार नाही.

"आणि वस्ती बसेपर्यंतचे सहा आठवडे?" धाकटीने विचारलं.

काकांनी आपल्या टाकीतल्या जुन्या स्पंजाचा एक तुकडा कापला आणि त्याच पाण्यासकट पिशवीत बांधून दिला. "आजीला विचार, दही कसं लावतात. हे विरजण. नव्या स्पंजाला चिकटवून ठेव. तरीसुद्धा काही दिवस रोज पाव टाकी पाणी बदल, त्यात अँटीक्लोरीन घाल, आणि खायला अगदी चिमूटभर." पिशवीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

ते दिवस कंटाळवाणे होते. रोज संध्याकाळी दादा बादलीत पाणी काढायचा, आजी ते पाणी तुळशीला घालायची, धाकटी काकांकडून आणलेल्या औषधाचे थेंब नळीत मोजून टाकायची आणि वहीत रंग लिहायची: हिरवा, हिरवा, फिकट हिरवा. टाकी पुन्हा किंचित धुरकट झाली. पाहुण्यांपैकी एकाने तसं बोलूनही दाखवलं. दादाने ऐकून घेतलं आणि स्पंजाला हात लावला नाही. धाकटीच्या वहीत शेवटी पिवळा रंग आला आणि पुढच्या आठवड्यातही तो पिवळाच राहिला. केशरी मासा खाण्यासाठी पुन्हा वर यायला लागला.

दादाला तिसरा मासा आणायचा होता. धाकटीने स्पष्ट नाही म्हटलं. आहेत ते दोघे अंगाने वाढतील, नीट सांभाळले तर दहा-दहा वर्षं राहतील, तेव्हा ह्या टाकीला दोघेही जास्तच होतील, असं काका म्हणाले होते. दादा थोडा हिरमुसला, पण त्याने मासा आणला नाही. पैसे मोठ्या टाकीसाठी ठेवायचं ठरलं.

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी उन्हाळ्यात नातवासाठी टाकी घेतली आणि दादाला विचारायला आल्या, फिल्टर कुठला घेऊ, जास्तीत जास्त किती लिटरचा मिळतो? दादाने आधी विचारलं, मासे आणलेत का? अजून नव्हते आणलेले. मग त्याने त्यांना स्पंज फिल्टर आणायला सांगितला. तो आल्यावर दादाने बादलीत आपल्या टाकीचं पाणी घेतलं, आपल्या स्पंजाचा एक तुकडा कात्रीने कापला आणि पाण्यासकट डब्यात घालून त्यांच्यासोबत वर गेला. टाकीत नवा स्पंज आधी सुरू करून दिला, मग तुकडा त्याला रबराने बांधला.

"आता एकच मासा आणा, काकू. दुसऱ्याचं धाकटी सांगेल तेव्हा. आणि हा काढून धुवायचा झाला तर मला हाक मारा, नळाखाली धरू नका."