मिठाला जागलेली सरसर

उर्दूत 'तिलिस्म-ए-होशरुबा' नावाची अवाढव्य दास्तान आहे. १८८३ पासून लखनौच्या नवल किशोर छापखान्याने तिचे खंड काढले. पहिले चार मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले, पुढचे अहमद हुसैन कमर यांनी. लोक ती जादूसाठी वाचतात. मला मात्र प्रत्येक वेळी एकच प्रश्न छळतो. बेइमान नेमके कुणाला म्हणायचे?

होशरुबा ही जादूची सल्तनत आणि अफरासियाब तिचा बादशहा. खुदाईचा दावा करणाऱ्या लकाचा तो पाठीराखा. अमीर हमजाचा नातू असद ही सल्तनत जिंकायला येतो आणि अफरासियाबच्याच गोटातली शहजादी माहजबीन त्याच्यावर भाळते. तिची आजी माहरुख मोठी जादूगारीण. तीही बादशहाला सोडून नातीच्या बाजूने उभी राहते, बंडाचे नेतृत्व करते. पुढे मलिका हैरतची बहीण बहारसुद्धा त्यांना येऊन मिळते. अफरासियाबच्या दरबारात या सगळ्या नमकहराम, आणि आपल्या, म्हणजे वाचकांच्या, दरबारात वफादार! माणसे तीच, कृत्य तेच. आपण फक्त कोणत्या तंबूत बसून गोष्ट ऐकतो, एवढाच फरक.

शहजादीचे मी समजू शकतो. तिने प्रेमासाठी ऐश्वर्य सोडले. पण दुसरीही एक रीत या दास्तानीत आहे. हमजाचा अय्यार अमर (अय्यार म्हणजे हेर, बहुरूपी आणि ठक, तिन्ही एकदम) शत्रूच्या जादूगाराला बेहोश करतो, बांधतो, मंत्र म्हणता येऊ नये म्हणून त्याच्या जिभेत सुई खुपसतो आणि मग विचारतो, आमच्याकडे येतोस की मरतोस? बिचारा मान हलवतो. बोलायची सोयच कुठे असते! हाच माणूस पुढे नव्या धन्यासाठी जीव द्यायला तयार होतो, असे दास्तानगो सांगतो. ऐकणाऱ्यांना त्यात काही खटकत नसावे. मला खटकते. भीतीने दिलेल्या शब्दाला मी निष्ठा म्हणणार नाही, मग तो शब्द माझ्या पक्षाला दिलेला का असेना.

आणि मग सरसर. ही अफरासियाबची अय्यारा. तिचे आणि अमरचे एकमेकांवर मन आहे. तरी ती त्याला फसवते, तो तिला फसवतो; वेश बदलून, बेहोशीची दवा चारून एकमेकांचे डाव उधळतात. प्रेम प्रेमाच्या जागी, चाकरी चाकरीच्या जागी. जुलमी बादशहाच्या मिठाला ती जागते. ती हरावी असेच मला वाटते, कारण ती जिंकली तर लका जिंकतो. तिची निष्ठा तिच्या पक्षाला खरे करू शकत नाही. पण तिचा पक्ष खोटा म्हणून तिची निष्ठाही खोटी ठरवायची, हे मला जमत नाही. जिभेतल्या सुईपुढे मान हलवणाऱ्याला मानाचे आसन आणि हिला शिव्या, हा कुठला न्याय?

कधी वाटते, सरसर पहिल्याच भेटीत अमरसाठी फितूर झाली असती तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या. अमरने मात्र त्या रात्री तिच्या हातचे सरबत प्यायले असते का? जन्मभर दुसऱ्यांना फोडण्याचा धंदा केलेला माणूस तो. त्याचे मन बसले ते न फुटणाऱ्या बाईवर.