नाव आणि स्वभाव

बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची इवलीशी मूठ उघडते, तेव्हा आमची दृष्टी त्याच्या बोटांवर खिळते. गर्भात ही बोटे सुटी उगवत नाहीत. आरंभी हात वल्ह्यासारखा अखंड असतो. मधल्या पेशी मरतात आणि बोटे वेगळी होतात. त्या मृत पेशी गिळून जागा स्वच्छ करण्याचे काम प्रामुख्याने भक्षक पेशी करतात.

एली मेचनिकॉफ यांनी १८८२ साली मेसिना येथे तारामाशाच्या अळीला काटा टोचून या पेशींचे कार्य ताडले. मुंबईत प्लेगची लस तयार करून १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेणारे हाफकिन हे त्यांचेच विद्यार्थी. तेव्हापासून या पेशींची ओळख जंतूंना मारणारे शिपाई अशीच राहिली. परंतु गर्भात, अस्थिमज्जा तयार होण्यापूर्वीच, पीतक कोशात जन्मलेल्या या पेशी मेंदूत व हृदयात जाऊन त्यांच्या घडणीस हातभार लावतात. मातेच्या गर्भाशयातील काही पेशींना तर 'नैसर्गिक मारेकरी' असेच नाव आहे. पण त्या तेथे मातेच्या रक्तवाहिन्या रुंदावण्यास साहाय्य करतात, म्हणजे वारेला पुरेसे रक्त मिळते.

मग मारणे हा त्यांचा स्वभाव म्हणावा काय? जसे असणे तसे करणे, असे आम्हांस सेमिनरीत शिकविले गेले. ते सूत्र खरेच आहे. चूक होते ती एके ठिकाणी पाहिलेल्या एका कृतीवरून सारे असणे ठरविण्यात.

आमच्या वऱ्हाडात फासेपारध्यांच्या बाबतीत हेच घडले. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविण्याची वाट पाडली. पारध्यांच्या कपाळीही तो शिक्का बसला. १९५२ साली कायदा गेला, संशय गेला नाही. एकदा चर्चच्या विहिरीवरील पंप दिसेना, तेव्हा आमचेही बोट बेड्याकडे वळले. पंप दुरुस्तीस नेला होता, हे सायंकाळी कळले. कोणी ऐकले नव्हते. तरी आम्ही मनोमन खजील झालो.

पेशीला निवड करता येत नाही, माणसाला येते. तो बदलू शकतो. कित्येकदा तर त्याने काही केलेलेच नसते. म्हणून माणसाला नाव देताना अधिक जपावयास हवे. वाचकहो, दुसऱ्याकडे रोखलेले आपले बोट आकारास आले, तेव्हा ज्यांना आपण भक्षक म्हणतो, त्याच पेशी तेथे राबत होत्या.