होय ते होय



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू सांगतो की शपथच नको, आपल्या साध्या होय-नाहीवर लोकांचा विश्वास बसावा (मत्तय ५:३३-३७). पण न्यायालयात शपथ घ्यावीच लागते. मग तिचे काय होते, हे अमेरिकेतल्या दोन खटल्यांत सगळ्या जगाने पाहिले.

१९९८ साली अध्यक्ष बिल क्लिंटन आपल्या खासगी संबंधांविषयी शपथेवर खोटे बोलले, असा आरोप झाला व महाभियोग चालला. रिपब्लिकन पुढारी म्हणत, संबंध खासगी असतील, पण शपथ खासगी नाही. ते खरेच होते. डेमोक्रॅट म्हणत, एवढ्याशा गोष्टीचा केवढा हा गवगवा! १९९९ मध्ये सिनेटने क्लिंटन यांना मुक्त केले. आपली काही उत्तरे खोटी होती, हे त्यांनी जानेवारी २००१ मध्ये, पद सोडण्याच्या आदल्या दिवशी मान्य केले.

पुढे उपाध्यक्ष चेनी यांचे प्रमुख सहायक लुईस लिबी सापडले. मार्च २००७ मध्ये खोटी साक्ष व न्यायात अडथळा यांबद्दल ते दोषी ठरले. शिक्षा तीस महिने. आता बाजू उलटल्या! के बेली हचिसन या सिनेटर बाईंनी १९९९ मध्ये क्लिंटन दोषी असल्याचे मत दिले होते. त्यांनीच २००५ मध्ये, लिबींवर आरोपपत्र येण्याच्या तोंडावर, खोट्या साक्षीला तांत्रिक बाब म्हटले. अध्यक्ष बुश यांनी जुलै २००७ मध्ये तुरुंगवास रद्द केला, २०१८ मध्ये ट्रम्प यांनी माफीही दिली. आणि क्लिंटन यांच्या वेळी खांदे उडवणारे डेमोक्रॅट आता न्यायाच्या नावाने संतापले.

संत पेत्रानेही शपथ वाहून खोटे सांगितले होते, की या माणसाला मी ओळखत नाही. पण कोंबडा आरवल्यावर तो बाहेर जाऊन रडला. दुसऱ्या कुणाच्या खोटेपणाकडे त्याने बोट दाखवले नाही.

आपल्याकडे लग्नाआधी वधूवर शुभवर्तमानावर हात ठेवून उत्तरे देतात, साक्षीदारही देतात. मागे एकदा असा एक साक्षीदार माझ्यापुढे बसला होता. राजकारण्यांच्या खोटेपणावर तो तासन्‌तास बोलू शके. भाच्याचे आधीचे नोंदणी लग्न त्याला ठाऊक होते, तरी तो "काही नाही" म्हणाला. मी कागद बाजूला ठेवला, तेव्हा म्हणाला, "फादर, आपलाच मुलगा आहे ना!"

ते लग्न मी लावले नाही. ते घर अजून माझ्याशी बोलत नाही.