दोनशे पंचेचाळीस

निवांत बसा. वीज गेली असली तरी हरकत नाही. पावसाळ्यात गडचिरोलीत ती जातेच, आणि आज आपल्याला यंत्र लागणार नाही. एक जुना संगणक फक्त मनात आणा.

स्पेक्ट्रम. इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीने १९८२ च्या एप्रिलमध्ये काढलेला. पुढे भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याचाच भाऊ परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' नावाने विकला. घरचा टीव्ही हा पडदा, टेपरेकॉर्डरची कॅसेट हा साठा. मेमरी ४८ किलोबाइट. तिच्यातून पडद्याचा आणि यंत्राचा स्वतःचा खर्च वजा जाता उरतात साधारण ४१. आजच्या मोबाइलमधला एक फोटोही एवढ्यात मावणार नाही. तरी जगभरची हौशी माणसं अजून या यंत्रासाठी खेळ लिहितात, एवढंच नव्हे, प्रोग्रॅम लिहिण्याची नवी साधनंही घडवतात. समजा तुम्ही त्यांच्यातलेच एक आहात, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांसाठी असं एक साधन तुम्हाला आखायचं आहे. घाई नाही.

मनातल्या मनात यंत्र सुरू करा. तळाशी कंपनीच्या नावाची एक ओळ येते. 'एंटर' दाबलं की ती जाते आणि लुकलुकणारा कर्सर उरतो. बाकी पडदा कोरा. इथे थोडं थांबा. सुरू होताच पोराला काय दिसावं? माझं मत विचाराल तर हेच, यापेक्षा जास्त काही नाही. यंत्र आपल्यासाठी थांबलंय, हे त्याला कळू द्या.

आता 'पी' दाबा. एका बटणात 'प्रिंट' हा अख्खा शब्द उमटतो. ही पद्धत अनेकांना आवडली नव्हती. सराईत टंकलेखकाला तर ती छळच वाटावी. पण आत काय झालं ते बघा. मेमरीत पाच अक्षरं गेलीच नाहीत. गेला एकच आकडा, २४५. 'फॉर'चा २३५, 'लेट'चा २४१. प्रोग्रॅम साठतो तो आकड्यांत. शब्द उमटतो तो पडद्यावर दाखवताना, यंत्रातल्या एका तक्त्यावरून.

या तक्त्यावर मन जरा जास्त वेळ राहू द्या. समजा प्रोग्रॅमला हात न लावता फक्त तक्ता बदलला. मग एकच कॅसेट चंद्रपुरात मराठीत दिसेल, सिरोंच्यात तेलुगूत, मुलचेऱ्याच्या बंगाली वस्तीत बंगालीत आणि भामरागडला माडियात. चालेल मात्र सगळीकडे सारखीच. ही युक्ती जागा वाचवायला काढलेली. पण त्या यंत्रात मला याहून मोलाचं काही दिसत नाही.

अर्थात अक्षरं काढावी लागतील, आणि इथे हिशेब कडू आहे. स्पेक्ट्रमचं अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचं. त्यात शिरोरेषेला एक ओळ गेली, वरच्या मात्रांना दोन, उकाराला दोन. अक्षराच्या अंगाला उरल्या तीन. तीन ओळींत 'क्ष' काढून बघा. म्हणजे सोळा बाय सोळा हवं, एका आकाराला ३२ बाइट. दोनशे आकार धरले तर ६,४०० बाइट, आणि हे सगळं त्या ४१ किलोबाइटमधूनच जाणार. शिवाय पडद्यावर २४ ऐवजी १२ ओळी. तुम्ही काय सोडाल? मी ओळी सोडेन. शिकणाऱ्याचा प्रोग्रॅम बारा ओळींच्या फारसा पुढे जाऊच नये.

आता चूक करा, मुद्दाम. स्पेक्ट्रम चुकीची ओळ घेतच नाही. नेमकं जिथे अडलं तिथे प्रश्नचिन्ह लुकलुकवतो आणि थांबतो. ही रीत तशीच ठेवा. तो का अडला हे मात्र सांगत नाही. तेवढी भर तुम्ही घाला, एका ओळीत, न रागावता.

शेवटचा प्रश्न सावकाश घ्या. तक्त्यातल्या आज्ञांची नावं ठरवणार कोण? धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा आठवा. २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवलेलं हे गोंड गाव. तिथे अभ्यासगटात चर्चा होते आणि निर्णय ग्रामसभा घेते, तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. याला वेळ लागतो, तो लागू देतात. नागपूर-पुण्यात बसून केलेली माडिया नावांची यादी कितीही सुबक असो, ती भामरागडच्या पोराला परकीच राहील.

तेव्हा आखणीला बसाल तेव्हा नावं स्वतः भरू नका. तक्ता यंत्रात कोंडू नका, वेगळ्या कॅसेटवर ठेवा. तो कसा भरायचा ते एका पानात सोप्या मराठीत लिहा. आणि ते पान सगळ्यात आधी भामरागडच्या शाळेत जाऊन मोठ्याने वाचून दाखवा.