मित्राचे दार आणि मित्राचा अपराध

इंग्रज कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन (१९०४-१९९१) यांनी १९२६ साली कॅथलिक श्रद्धेचा स्वीकार केला, हे आमच्या वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश गुप्तहेर खात्यात होते, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. प्रथम पश्चिम आफ्रिकेतील फ्रीटाउन येथे व नंतर लंडनमध्ये त्यांनी काम केले. लंडनमध्ये किम फिल्बी हे त्यांचे वरिष्ठ व स्नेही होते. १९४४ साली ग्रीन यांनी ते खाते सोडले. परंतु निष्ठा आणि विश्वासघात यांचा प्रश्न त्यांच्या लेखणीने अखेरपर्यंत सोडला नाही.

१९६३ साली फिल्बी मॉस्कोला पळून गेले. ते वर्षानुवर्षे सोव्हिएत रशियाचे हेर होते आणि त्यांनी फोडलेल्या गुपितांपायी माणसे प्राणांस मुकली होती. तरीही १९६८ साली ग्रीन यांनी फिल्बींच्या आत्मकथनास प्रस्तावना लिहिली. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात स्पेनच्या विजयासाठी झटणाऱ्या कॅथलिकांशी त्यांनी फिल्बींची तुलना केली. १९७८ सालच्या 'द ह्यूमन फॅक्टर' या कादंबरीचा नायकही कृतज्ञतेपोटी देशाची गुपिते फोडणारा हेर आहे. पुढे १९८६ साली, वयाच्या ब्याऐंशीच्या सुमारास, ग्रीन मॉस्कोला जाऊन फिल्बींना भेटले.

हे योग्य होते काय? प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही. भावाच्या खोट्या सह्या करून वाडी विकणाऱ्या मुलाला नाताळात घरात घ्यावे काय, असे एका वृद्ध पित्याने आम्हांस विचारले होते. आम्ही म्हणालो, "बाबा, दार उघडा. पण धाकट्याचे नुकसान तुम्ही माफ करू नका. तो हक्क त्याचा आहे."

ग्रीन यांच्याविषयीही आमचे मत हेच आहे. मित्राने आपणास फसविले, ते त्यांनी खुशाल विसरावे. परंतु ज्यांचे प्राण गेले, त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. फिल्बींची श्रद्धा प्रामाणिक असेलही. तेवढ्याने त्या रक्ताचा हिशेब चुकता होत नाही. अखेरच्या भोजनाच्या रात्री प्रभूने यहुदाचेही पाय धुतले, मात्र त्याच्या कृत्याला चांगले म्हटले नाही.

म्हणून मॉस्कोची ती भेट आम्हांला ख्रिस्ती वाटते, ती प्रस्तावना वाटत नाही. मित्राच्या दाराशी अवश्य जावे. त्याच्या अपराधाचे वकीलपत्र घेऊ नये.

३ एप्रिल १९९१ रोजी स्वित्झर्लंडमधील व्हेवे येथे ग्रीन वारले. शेवटच्या घटकेला त्यांचे स्नेही, स्पेनचे धर्मगुरू लिओपोल्दो दुरान, जवळ होते. मित्राला न टाकणाऱ्या माणसाला मित्रानेही टाकले नाही. वाचकहो, आपल्या घराच्या उंबऱ्याशी असा कोणी उभा आहे काय?