दोन खांबांतील अंतर

समुद्रकाठच्या बांधकामांविषयी बोलताना 'टिकाऊ' हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. शब्द चांगलाच आहे. पण मुलांना व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला कर्ता शोधल्यावाचून राहवत नाही. टिकायचे कोणी? भिंतीने, रस्त्याने, की त्या काठावर ज्यांचे पिढ्यान्पिढ्या येणेजाणे आहे त्यांच्या रहाटीने?

मुंबईला वरळी कोळीवाड्यापुढे हा प्रश्न अगदी मीटरांत मोजला गेला. किनारी रस्त्याचे काम २०१८ साली सुरू झाले. त्यासाठी समुद्रात १०० हेक्टरांहून अधिक भराव पडला. हा रस्ता सागरी सेतूला जेथे जाऊन मिळतो, तेथूनच क्लीव्हलँड बंदरातील होड्यांची वाट आहे. आराखड्यात दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवले होते. होडीची रुंदी शेजारी लिहून पाहिली तर ते पुष्कळच वाटते. कोळी म्हणत, होडी काही रुळांवरून जात नाही. वारा आडवा असतो, पाण्याला ओढ असते, आजूबाजूला खडक असतात. त्यांनी काम अडवले. अखेर २०२२ सालच्या शेवटी एक खांब गाळून अंतर १२० मीटर करण्याचे ठरले.

याला मी कोळ्यांचा विजय म्हणत नाही. त्यांनी याहून अधिक मागितले होते. आणि ज्या खडकांवर बायका कालवे काढीत, त्यांतले जे भरावाखाली गेले ते गेलेच. मला विचार करावासा वाटतो तो एवढ्याचाच, की ६० चे १२० होऊ शकले. म्हणजे पहिला आकडा काही सृष्टीचा नियम नव्हता. तो माणसांनी ठरवला होता, आणि ठरवताना आपल्याला कोणी पुसले नाही, हीच कोळ्यांची तक्रार होती.

कोणी म्हणेल, लाखो प्रवाशांच्या सोयीपुढे मूठभर होड्यांची काय कथा? हा हिशेब खोटा आहे असे नाही, अपुरा आहे. प्रवाशाची काही मिनिटे वाचतात, आणि रस्ता नसता तर तो दुसऱ्या रस्त्याने गेला असता. होडीला दुसरे तोंड नाही. मिनिटे आणि पोट एका तागडीत घालून बेरीज करणे हे गणितातसुद्धा बसत नाही. ज्याला दुसरी वाट नाही त्याचे माप आधी घ्यावे, एवढाही नियम आपण पाळला तर पुष्कळ नकाशे निराळे निघतील.

आम्हा चिखल्याच्या लोकांना हे दूरचे नाही. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवला गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले, आणि १९९८ मध्ये त्याने वाढवण बंदराला नकार दिला. पंचवीस वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच प्राधिकरणाने त्याच वाढवणला होकार दिला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. सुमारे १४४८ हेक्टर भराव समुद्रात पडायचा आहे. बंदर देशाच्या व्यापाराला हवे असेल, तेही मी नाकारीत नाही. पण त्या पाण्यात जाळी टाकणाऱ्यांच्या वाटा नकाशावर कोठे आहेत, असे विचारणाऱ्याला आपल्याकडे लगेच विकासाचा शत्रू म्हणतात.

वरळीला एक खांब गाळला म्हणून रस्ता अडून राहिला नाही. २०२४ मध्ये त्यावरून वाहने धावू लागली.